आधी पाकीट, मग बिस्कीट

या लेखात पाच माणसं आहेत: दादा, बौदी, मालक, एका बसचा कंडक्टर आणि मी. माझा नवराही आहे, पण तो सुरुवातीला कारणापुरता डोकावतो आणि मग एकदम शेवटी येतो, म्हणून त्याला मोजलेलं नाही. याशिवाय बिस्किटं भरणारं एक यंत्र आहे, दोन खुर्च्या आहेत आणि एक इलिश मासा आहे, जो मला मिळाला नाही. त्याचं दुःख अजून गेलेलं नाही.

अशी यादी देऊन लेख सुरू करायची माझी पद्धत नव्हती. ही लागण मला दादांकडून झाली. दादांना मधूनच सुरू केलेली गोष्ट खपत नसे, आणि कोलकात्यात तर प्रत्येक गोष्ट मधूनच सुरू होते. दुपारी ऑफिसखालच्या चहावाल्याकडे आमचा अड्डा जमायचा. कुणीतरी रंगात येऊन म्हणायचं, "दादा, काल मोनू गच्चीच्या कठड्यावरून जो घसरला—"

"थांब." दादांची तर्जनी वर. "मोनू कोण?"

"आमचं मांजर."

"त्याची ओळख करून दिलीस?"

"नाही."

"मग ते घसरलं कसं?"

मांजराचा रंग, वय, ते घरात कसं आलं, गच्ची कितव्या मजल्यावर, हे सगळं सांगून होईपर्यंत मोनू बिचारा हवेतच. त्या दिवशी ओळखपरेडीतच चहा संपला, सगळे वर कामाला गेले आणि मोनूचं पुढे काय झालं ते आजतागायत कुणाला माहीत नाही. मला अजून अधूनमधून काळजी वाटते.

लोक मग शहाणे झाले. तोंड उघडण्याआधी बोटं मोजायला लागले. "दादा, तीन माणसं, एक प्लंबर, सगळे सुखरूप," एवढं म्हटलं की पुढे वाटेल ते बोलायची मुभा मिळायची. अर्थात त्यातही दादा एकदा विचारायचेच, की प्लंबरला माणसांत का नाही धरलं.

हे दादा सेक्टर फाइव्ह या कोलकात्याच्या आयटी वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत माझे वरिष्ठ होते. वय साठीला टेकलेलं, अंगावर कायम फिक्या निळ्या रंगाचा हाफ शर्ट, आणि खिशात तीन पेनं, उंचीप्रमाणे लावलेली. माणूस अस्सल मराठी, पण वडील सरकारी नोकरीत बदली होऊन कोलकात्यात आले ते परत गेलेच नाहीत. दादांचा जन्म इथला, शाळा बंगाली, बायको बंगाली. मराठी तेवढी आईकडून आलेली, आणि आई गेल्यावर तिला तेलपाणी करायला कुणी उरलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझं आडनाव वाचून ते म्हणाले, "मराठी? मला फार आनंद झाली. चल, चहा खाऊ."

"चहा पितात, दादा," मी म्हटलं.

"नुसतं पिऊन पोट भरते काय?" ते म्हणाले, आणि बरोबर दोन बिस्किटं मागवली.

माझ्या नोकरीची गोष्ट अशी. नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली, म्हणून मी पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्याच्याबरोबर आले. त्यानंतर दीड वर्ष मी बालीगंजच्या क्वार्टरमध्ये पडदे धूत बसले. बँकेच्या कार्यक्रमांत लोक माझी ओळख 'साहेबांच्या मिसेस' अशी करून द्यायचे आणि मीही हसून नमस्कार करायचे. पंधरा वर्षं प्रोग्रॅम लिहिलेली बाई आहे मी, हे सांगावं असं फार वाटायचं, पण समोसे पुढे केल्यावर ते राहून जायचं. मग ही नोकरी मिळाली. सहा महिने कच्ची, नंतर कायम. कच्च्या माणसांना आमच्याकडे प्लास्टिकची लाल खुर्ची मिळे, लग्नाच्या मांडवात असते तसली. कायम झालं की चाकांची. मला ती चाकांची खुर्ची हवी होती. इतकी, की कुणी जागेवर नसलं की मी त्याच्या खुर्चीवर बसून एक गिरकी घेऊन यायचे.

मला कायम करावं की नाही, हे दादा ठरवणार होते. म्हणजे दादांनी मेल लिहायची आणि मालकांनी हो म्हणायचं. इथे एक अडचण होती. मालक कुठलीही मेल उघडत नसत. फोनच्या पडद्यावर वरच्या वर ज्या दोन ओळी दिसतात तेवढ्याच वाचायचे आणि तिथल्या तिथे निकाल द्यायचे. सगळं ऑफिस हे ओळखून होतं. सुट्टी हवी असेल तर पहिले दोन शब्द 'सुट्टी हवी', आणि आजी आजारी असल्याचं खाली. एकटे दादा तेवढे आधी सगळ्यांची ओळख, मग पार्श्वभूमी, मग मुद्दा, अशा क्रमाने लिहीत. त्यांची स्वतःची खुर्ची चाकांची होती खरी, पण ती डावीकडे कलत होती. बसलं की माणूस गुपित सांगायला वाकल्यासारखा दिसायचा. गेली आठ वर्षं ते प्रत्येक मेलच्या शेवटच्या ओळीत लिहीत आले होते, की माझी खुर्ची डावीकडे कलते, कृपया बदलावी. ती ओळ वाचलेला माणूस जगात नव्हता.

"पहिल्या ओळीत लिहा ना," मी एकदा म्हटलं.

"कोणाची खुर्ची, कुठली खुर्ची, काही ठाऊक नसताना एकदम खुर्ची?" दादा दुखावून म्हणाले. "असा कसा लिहील माणूस?"

आता ते बिस्किटांचं यंत्र. पहिल्याच दिवशी दादांनी मला त्यांच्या टेबलावरचं एक चंदेरी पाकीट दाखवलं. चारी बाजूंनी सीलबंद, हवेने टम्म फुगलेलं, आणि रिकामं.

"यात बिस्कीट नाही," ते म्हणाले. "का नाही, ते सहा महिन्यांत तुला समजेल."

मला ते दहा मिनिटांतच समजलं, कारण शेजारच्या मुलीने सांगितलं. हावड्याच्या एका बिस्कीट कारखान्यातलं पाकिटं भरायचं यंत्र आमच्या कंपनीच्या प्रोग्रॅमवर चालतं. त्या प्रोग्रॅमची भाषा कंपनीची स्वतःची आहे आणि फार जुनी. तिच्यात वर आधी सगळ्या भागांची यादी जाहीर करायची: पाकीट, बिस्कीट, सील. खाली मग त्यांना कामाला लावायचं: पाकीट उघडा, त्यात बिस्कीट टाका, सील करा. ऐकायला सरळ वाटतं, पण खाली तुम्ही कुठल्याही क्रमाने लिहा, यंत्र वरच्या यादीचाच क्रम पाळतं. वाचणारा माणूस खालचं वाचून निर्धास्त असतो आणि यंत्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. एके दिवशी कुणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने वरची यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावली. त्यामुळे बी-चं बिस्कीट आधी आलं आणि पी-चं पाकीट नंतर. यंत्राने आधी बिस्किटं सोडली, मग पाकीट उघडलं, मग ते रिकामं पाकीट अतिशय काळजीपूर्वक सील केलं. असं दिवसभर चाललं. कामगारांनी खाली पडलेली बिस्किटं चहाबरोबर संपवली आणि कुणीही तक्रार केली नाही. संध्याकाळी बिस्किटांचा कंटाळा आल्यावर फोन केला. दादा लाँचने गंगा ओलांडून हावड्याला गेले, दोन ओळींची अदलाबदल केली आणि येताना आठवण म्हणून ते पाकीट घेऊन आले. यादी कुणी लावली होती, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्यांच्या खिशातली उंचीप्रमाणे लावलेली पेनं बघून मला आपला दाट संशय आहे.

मला दिलेलं काम हेच. आमच्याकडे एक लिंटर होता. लिंटर म्हणजे दुसऱ्यांचे प्रोग्रॅम नुसते वाचून नावं ठेवणारा प्रोग्रॅम. लग्नघरातल्या आत्यासारखा. स्वतः काही करत नाही, पण कुठे काय चुकलंय ते बरोबर दिसतं. या आत्याला मी एक नवीन नजर द्यायची होती: वर जाहीर केलेला क्रम आणि खाली लिहिलेला क्रम यांत माणूस फसेल अशी तफावत असली, की ओरडायचं.

मला वाटलं, आठवड्याचं काम आहे. चौथ्या दिवशी मी दादांपुढे ठेवलं. पाचव्या दिवशी परत आलं. शेऱ्यात एकच ओळ होती: 'आधी ओळख.' माझा लिंटर ओरडायचा, 'क्रम चुकला: बिस्कीट, पाकीट!' दादांचं म्हणणं, बिस्कीट कोण, पाकीट कोण, कुठल्या फाइलमधले, हे आधी सांगायला नको? सूचना वाचणारा माणूस घरून येतो, रस्त्यात गर्दी असते, त्याच्या डोक्यात दुसरं काही असतं. मी ओळख घातली. ते परत आलं, कारण ओळख लांबली होती. मी ती छाटली. तरी परत आलं.

सहाव्या वेळी मी हट्टाने ते सगळ्या कंपनीच्या प्रोग्रॅमांवर चालवून दाखवलं. हजाराच्या वर सूचना निघाल्या. प्रत्येकाचा पडदा हळदीच्या समारंभासारखा पिवळा झाला. दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसने माझ्याशी बोलणं सोडलं होतं. त्यातल्या बहुतेक सूचनांत तसं काहीच बिघडलेलं नव्हतं. वर 'दिवा, भोंगा' असायचं आणि खाली 'भोंगा, दिवा'. दिवा आधी लागला काय आणि भोंगा आधी वाजला काय, कुणाचं काय जातंय? दादांनी परत पाठवलं. शेरा होता: 'क्रम वेगळा, हे ठीक. फसवा कुठला?'

फसवा कुठला, हे मला सुचेना. चौदा वेळा परत आलं. पाच महिने उलटून गेले होते. त्या लाल खुर्चीच्या पट्ट्यांचे वळ उठायला लागले होते आणि रोज घरी जाताना वाटायचं, आता पुन्हा पडदे.

घरी जायची बस आम्हा दोघांची एकच, कारण दादाही बालीगंजलाच राहत. बसमध्येही त्यांचं चालूच. आमचा नेहमीचा कंडक्टर दारात लोंबकळून ओरडायचा, "गोरियाहाट, गोरियाहाट! रूबी, कसबा, चिंगरीघाटा!" दादांना ते सहन व्हायचं नाही. बस आधी चिंगरीघाट्याला जाते, मग रूबी, मग कसबा, मग आमचं बालीगंज आणि सगळ्यात शेवटी गोरियाहाट. एकदा त्यांनी तिकीट काढता काढता त्याला धरलंच. जी जागा शेवटी येते तिचं नाव पहिलं का घेतोस? ऐकणारा नवखा माणूस चिंगरीघाट्यालाच गोरियाहाट समजून उतरला तर?

कंडक्टरने नोटा बोटांत खोचल्या आणि शांतपणे सांगितलं, "जार लोक बेशी, तार नाम आगे, दादा." ज्याची माणसं जास्त, त्याचं नाव आधी.

"आणि बालीगंजचं नाव तर घेतच नाहीस!"

"बालीगंजला तुम्ही दोघंच उतरता. तुम्हाला ठाऊक आहे," कंडक्टर म्हणाला.

उतरताना दादा फक्त पुटपुटले, "बदमाश माणूस. पण मुद्दा आहे."

सहा महिने संपायला एक आठवडा उरला असताना त्यांनी मला रविवारी जेवायला बोलावलं. नवरा दौऱ्यावर होता, मी एकटीच गेले. जिन्यातच मोहरीच्या इलिशचा वास आला आणि मी दोन पायऱ्या एकदम चढले. मी रत्नागिरीची आहे. दीड वर्ष बँकेच्या पार्ट्यांत पनीर खाल्ल्यानंतर तो वास म्हणजे काय, हे इतरांना कळायचं नाही.

दार बौदींनी उघडलं. दादांची बायको म्हणून त्या सगळ्यांच्याच बौदी, म्हणजे वहिनी. ठेंगण्या, हसऱ्या, आणि हातात झारा. टेबलावर भात, कडसर भाज्यांचा शुक्तो, डाळ, वांग्याचे काप असं मांडलेलं होतं आणि कडेला एका काचेच्या वाडग्यात टोमॅटो-खजुराची चटणी. मासा आतून गरम गरम यायचा होता. बौदी आत गेल्या. मी पान वाढून घ्यायला लागले, जसं लहानपणापासून घेत आले तसं. डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, मध्ये भात. डाळ-भात कालवला, चटणीचं बोट चाटलं, वा, काय चटणी होती!

बौदी इलिशची कढई घेऊन आल्या, माझ्या ताटाकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबल्या.

"ओमा! माछ खाओ ना?" मासा खात नाहीस? मग आपणच आपल्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे, तुमलोग तो भेज है! पहले बोलना था ना!" भेज म्हणजे व्हेज, शाकाहारी.

माझ्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत इलिश स्वयंपाकघरात परत गेला होता. मागोमाग मटणही दारातूनच वळलं. मग पापड आला, मिष्टी दोई म्हणजे गोड दही आलं, आणि बौदींनी माझ्या पाठीवरून हात फिरवून सांगितलं की पुढच्या वेळी तुझ्यासाठी पनीर करीन. मला रडू यायचं बाकी होतं. 'बौदी, मी खाते हो मासा' हे एक वाक्य मी का म्हणू शकले नाही, ते मला अजून समजत नाही. पण एवढ्या प्रेमाने समजूत करून घेतलेल्या बाईला तिची समजूत चुकली म्हणून सांगायला जीभ रेटेना.

दादा जेवताना बोलत नसत, घासांचा क्रम चुकतो म्हणून. पण सगळा वेळ ते माझ्याकडे असे बघत होते, की जणू गावाकडचं कुणी भेटलंय. बौदी भांडी घेऊन आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "तू चटणी आधी घेतली. बंगाली माणूस चटणी घेतो म्हणजे त्याचा मासा-मटण झाला, आता तो उठणार."

"हे तुम्ही आधी सांगायचंत ना!"

"मी पण लग्नानंतर सासरी पहिल्या दिवशी हेच केला. आई आमची मीठ-लिंबू-चटणी आधी वाढायची, तोच हात. सासूने मासा परत नेला. तीस वर्षं ती लोकांना सांगत होती, जावई फार कमी खातो. मी सासरी जाताना आधी दोन रोल खाऊन जायचा."

"तीस वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत?"

"ओळख होऊन गेली होती," दादा म्हणाले. "एकदा ओळख झाली की मग काय."

परत जाताना पोटात कावळे कोकलत होते आणि राग येत होता, दादांचा, बौदींचा, स्वतःचा, टोमॅटोचा. रागारागाने मी सगळं जेवण पुन्हा आठवत होते. शुक्तो खरं तर पहिला खायचा, मी तो डाळीनंतर खाल्ला. कुणी काही म्हटलं नाही. वांग्याचे काप मध्येच खाल्ले, त्यानेही काही झालं नाही. क्रम तर मी सगळाच चुकवला होता. महागात पडली ती फक्त चटणी, कारण मासा येणार की नाही, हे चटणीवर अवलंबून होतं.

मी रस्त्यात थांबले. मागून येणारा रिक्षावाला माझ्यावर ओरडला, त्याला मी "थँक यू" म्हटलं.

दिवा आणि भोंगा म्हणजे शुक्तो आणि डाळ. मागेपुढे झाले तरी बिघडत नाही, त्यावर ओरडायचं नाही. पाकीट आणि बिस्कीट म्हणजे चटणी आणि मासा. तिथे एक दुसऱ्यावर अवलंबून आहे. तेवढ्याच ठिकाणी ओरडायचं! घरी जाऊन मी आधी दोन अंड्यांचं ऑम्लेट खाल्लं आणि कामाला बसले. बुधवारी पंधराव्यांदा दादांपुढे ठेवलं. हजारावरच्या सूचनांच्या आता अकरा झाल्या होत्या. पहिली सूचना, हावड्याच्या त्या जुन्या चुकलेल्या प्रोग्रॅमवरची, अशी होती: 'हे बिस्कीट, वर पहिलं जाहीर झालेलं. हे पाकीट, वर दुसरं. बिस्किटाला पाकीट लागतं. पाकीट आधी घ्या.'

दादांनी ती तीनदा वाचली. मग ते टेबलावरचं टम्म फुगलेलं पाकीट उचलून माझ्या हातात ठेवलं. शेऱ्यात लिहिलं होतं, 'ठीक आछे.' या माणसाकडून एवढं म्हणजे शाल आणि श्रीफळ होतं. मी स्वच्छतागृहात जाऊन थोडीशी रडले आणि थोडीशी नाचले.

शुक्रवारी दुपारी दादांनी मालकांना माझी शिफारस पाठवली. पाच मिनिटांत मला ऑफिसची मेल आली: आपली मुदत आज संपत आहे, सोमवारी लॅपटॉप जमा करावा.

मी लॅपटॉप तसाच उघडा हातात घेऊन दादांकडे गेले. त्यांनी मेल वाचली, मग स्वतः पाठवलेली उघडली. भली मोठी मेल होती. सुरुवात अशी: 'या बाईंनी लिहिलेलं काम मी चौदा वेळा परत पाठवलं. त्याची कारणं क्रमाने अशी.' मालकांच्या फोनवर दिसल्या असतील त्या नेमक्या या दोन ओळी. मी किती हुशार आहे, किती चिकाटीची आहे, कंपनीला माझी किती गरज आहे, हे सगळं खाली होतं. त्याच्याही खाली होतं, की माझी खुर्ची डावीकडे कलते.

दादांचा चेहरा पांढरा पडला. "मी क्रमाने लिहिला," ते म्हणाले. "सगळं बरोबर क्रमाने लिहिला."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ते डावीकडे कललेल्या खुर्चीत इतके एकटे दिसत होते, की मलाच त्यांची कीव आली. मी म्हटलं, जाऊ दे दादा. आणि ते म्हणताना मला पडदे दिसत होते.

दादा उठले. मालकांची केबिन वरच्या मजल्यावर. जिना चढताना ते स्वतःशीच काहीतरी म्हणत होते. मी मागे होते, म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणत होते, "गोरियाहाट आधी. गोरियाहाट आधी."

मालक मुढी खात बसले होते. म्हणजे आपले चुरमुरे, तेल-मिरची लावून. दादांनी दार ढकललं, ना नमस्कार ना प्रस्तावना, आणि बंगालीत ओरडले, "तिला ठेवा!"

माझ्या हातातून लॅपटॉप पडायचा राहिला. मोनूला हवेत लोंबकळत ठेवणारा हा माणूस, 'ती' कोण ते न सांगता 'तिला' म्हणत होता.

"काके?" मालकांनी विचारलं. कोणाला?

"ओळख नंतर! आधी हो म्हणा!"

मालक दादांना वीस वर्षं ओळखत होते. यातली एकोणीस वर्षं बहुधा दादा ओळखच करून देत होते. मालक इतके घाबरले, की त्यांनी मुढीचा हात तसाच वर धरून म्हटलं, "बरं, हो. ठेवली."

दादांनी सुस्कारा सोडला. मग समोरची खुर्ची ओढून बसले, शर्ट सारखा केला आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "आता ऐका. या गोष्टीत पाच माणसं आहेत."

मालकांना उठता येईना. आपण हो म्हणून बसलोय ते कशाला, हे कळायला शेवटपर्यंत ऐकणं भाग होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दादांचं सगळं ऐकून घेतलं. बिस्किटं ऐकली, चौदा वेळा परत पाठवलेलं ऐकलं, कंडक्टर ऐकला. इलिश स्वयंपाकघरात परत गेला तेव्हा त्यांनी मुढी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "इश!" ते म्हणाले. मला नोकरीवरून काढलं होतं याचं त्यांना फारसं काही वाटलेलं दिसलं नाही, पण ताटातला इलिश गेला हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. पाऊण तासाने दादा शेवटच्या ओळीला पोचले.

"आणि माझी खुर्ची डावीकडे कलते."

"कधीपासून?" मालकांनी विचारलं.

"आठ वर्षं."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

दादांनी डोळे मिटून घेतले.

सोमवारी नवी खुर्ची आली, काळी, जाळीच्या पाठीची. मी माझी लाल खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली आणि वाट बघत उभी राहिले. दादा नव्या खुर्चीवर बसले, दोन्ही बाजूंना कलून पाहिलं, समाधानाने मान डोलावली, आणि जुनी खुर्ची ढकलत माझ्या टेबलापाशी आणून सोडली.

"ही मला?" मी म्हटलं. "नवी नाही?"

"आधी मी, मग तू," दादा म्हणाले. "क्रम आहे."

त्या खुर्चीवर मी दोन वर्षं बसले. बौदी दर महिन्याला डब्यातून पनीर पाठवत राहिल्या आणि मी ते मुकाट्याने खात राहिले, कारण ओळख होऊन गेली होती. मग नवऱ्याची नागपूरला बदली झाली. निघायच्या दिवशी दादांनी कंपनीतल्या सगळ्यांना मेल पाठवली, तिच्यात दोनच ओळी होत्या: 'ती जाते आहे. मला करमणार नाही.' खाली आणखी काही असेल म्हणून मी बराच वेळ सरकवत बसले. काही नव्हतं. कुणीही 'कोण?' म्हणून विचारलं नाही.

आता नागपुरात मी घरूनच काम करते. खुर्ची चांगली आहे, सरळ आहे. परवा नवरा चहा घेऊन आला, दारातच थांबून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, तू अशी डावीकडे कलून का बसतेस?"

मी तर्जनी वर केली.

"थांब," मी म्हटलं. "या गोष्टीत पाच माणसं आहेत."